पार्वतीची खोली : एका चित्रपटाची कागदोपत्री पडताळणी

पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट' हा चित्रपट मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत दाखवला गेला आणि २५ मे रोजी त्याला तिथला ग्राँ प्री पुरस्कार मिळाला. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट येण्याची ही तीस वर्षांतली पहिली वेळ. त्याआधीचा चित्रपट म्हणजे शाजी करुण यांचा 'स्वाहम', १९९४. भारतभरच्या चित्रपटगृहांत कपाडियांचा चित्रपट २२ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. प्रभा आणि अनू या मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका त्याच्या केंद्रस्थानी आहेत, आणि बहुतेक लिखाण त्यांच्यावरच झाले. कोकणातल्या वाचकाने मात्र तिसऱ्या बाईकडे पाहावे. तिचे नाव पार्वती. त्याच रुग्णालयात ती स्वयंपाक करते, मूळची रत्नागिरीकडची, विधवा. छाया कदम यांनी ती उभी केली आहे. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या जुन्या वस्तीत, ती राहते ती चाळ बिल्डरला पाडायची आहे. वीसहून अधिक वर्षे त्या खोलीत काढूनही तिच्याजवळ खोली आपली असल्याचा कागद नाही. नवरा गेला, आणि कागद कुठे ठेवले ते सांगून गेला नाही. प्रभा तिला वकिलाकडे घेऊन जाते. कागद नसतील तर काही करता येणार नाही, एवढेच तिथे कळते. शेवटी पार्वती खोली सोडून गावी परतते.

चित्रपट हा इतिहासाचा पुरावा होऊ शकतो का? होऊ शकतो, पण साक्षीदाराला विचारतो तसे प्रश्न त्यालाही विचारावे लागतात. या साक्षीदाराचे म्हणणे दोन भागांत मोडते. पहिला भाग : गिरणगावातली जुनी माणसे कागदाअभावी बाहेर पडली. दुसरा भाग : बाहेर पडलेली बाई कोकणात परतली. दोन्ही भाग वेगवेगळे तपासले पाहिजेत, कारण त्यांचे पुरावे वेगवेगळ्या दप्तरांत आहेत.

पहिल्या भागाचा कागदी माग स्पष्ट आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतल्याची तारीख नाही, कारण तो कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढचा टप्पा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करावेत असे तो सांगत होता : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ मोकळ्या जमिनीपुरते उरले, आणि गिरणीच्या इमारतींखालची जमीन हिशेबातून निघाली. गिरणीत मोकळी जमीन किती असते हे लालबाग-परळच्या गल्ल्या पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये या दुरुस्तीचा अर्थ याचिका करणाऱ्या एका पर्यावरणवादी संस्थेच्या बाजूने लावला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो निकाल फिरवला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या. त्यांत लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना गेली.

हे आकडे चित्रपटात येत नाहीत. तिथे येतो तो बांधकामाच्या जागेवरचा इंग्रजी जाहिरातीचा फलक : उच्चभ्रू असणे हा निवडकांचाच मान, अशा अर्थाची एक ओळ. पार्वती आणि प्रभा रात्री त्यावर दगड मारतात. हा प्रसंग कल्पित आहे. पण फलकाच्या भाषेत आणि २००६ च्या निकालाने मोकळ्या झालेल्या जमिनीच्या भावात जो संबंध आहे, तो कल्पित नाही.

याच वस्तीची आधीची साक्षही नोंदलेली आहे. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ चे. संपानंतर मोडत गेलेले गिरणी कामगाराचे कुटुंब त्यात आहे. त्यावरून महेश मांजरेकर यांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' काढला. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' हा माहितीपट २००१ चा, कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून गिरणगाव पाहणारा. तारखांकडे लक्ष द्या. 'साचा' आणि नियम ५८ ची दुरुस्ती एकाच वर्षातली. म्हणजे कलावंत जेव्हा वस्तीचे चित्र टिपत होते, त्याच सुमारास मंत्रालयात त्या वस्तीच्या जमिनीचा हिशेब बदलत होता. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध लावायला आधार नाही. चित्रपटांनी गिरणगाव महाग केले असे म्हणता येत नाही. ते नियमावलीने आणि लिलावाने केले. पण २००१ पर्यंतच्या कृतींत केंद्रस्थानी कामगार आणि त्याचे कुटुंब आहे आणि प्रश्न कामाचा आहे. २०२४ च्या चित्रपटात नवरा मेलेला आहे, पडद्यावर त्याची विधवा आहे, आणि प्रश्न खोलीच्या पुराव्याचा आहे. तेवीस वर्षांत झालेला हा बदल मला फार बोलका वाटतो. गिरणगावच्या हलाखीचे रूपच तेवढ्या काळात बदलले, आणि चित्रपटाने ते बरोबर ओळखले.

आता कागदाकडे जवळून पाहू. भाडेपावती हा कागद तळहाताएवढा असतो. वर मालकाचे किंवा ट्रस्टचे नाव, खाली इमारत, खोली क्रमांक, भाडेकरूचे नाव, महिना, रक्कम, सही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले होते. त्यामुळे रक्कम इतकी किरकोळ असते की पावती जपण्याजोगी वाटतच नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने त्या खोलीतला सर्वांत मोलाचा ऐवज तोच. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरू शकते. म्हणजे विधवेला कायदा बाहेर काढत नाही. नवरा भाडेकरू होता एवढे सिद्ध झाले की तिचे पाऊल घट्ट रोवले जाते. अडते ते या पहिल्याच पायरीवर. कोकणातल्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच अडते, कारण गिरणगावातल्या कितीतरी खोल्या गावच्या मंडळाच्या किंवा आधी आलेल्या एखाद्या चुलत्याच्या नावावर होत्या. दहा-पंधरा चाकरमानी एका खोलीत पाळीपाळीने झोपत, प्रत्येकाची एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक. पावतीवर मात्र नाव एकाचेच.

इथे तपासाला एक अनपेक्षित फाटा फुटतो. चित्रपट खोलीच्या कागदापुरता थांबतो. पण समजा, पार्वतीचा नवरा गिरणी कामगार होता. तिच्या गावाकडे आणि खोलीच्या ठिकाणाकडे पाहता हे गृहीतक धाडसी नाही. मग तिला लागू पडणारा दुसराच एक दस्तऐवज आहे. म्हाडाच्या गिरणी कामगार गृहयोजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, किंवा त्याचा वारस, अर्ज करू शकतो. पुरावा म्हणून तिकीट क्रमांक, लाल पास, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य कामगार विम्याचा क्रमांक, हजेरीपत्र, रजेच्या नोंदवहीचा उतारा असे कागद धरले जातात. ही यादी नीट वाचा. यातला एकही कागद खोलीचा नाही. सगळे कामाचे आहेत. जी बाई खोलीचा हक्क सिद्ध करू शकत नाही, ती नवऱ्याच्या श्रमाचा पुरावा देऊन दुसऱ्या घराची दावेदार होऊ शकते. दोन वेगळ्या ट्रंका, दोन वेगळे हक्क. पडद्यावर त्यांतली एकच उघडली जाते.

ही दुसरी ट्रंक उघडणाऱ्यांसाठी सोडतीत किती घरे निघाली, याची नोंद पक्की आहे. २८ जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे. मे २०१६ मध्ये २,६३४. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पनवेलजवळच्या कोन येथली २,४१७. १ मार्च २०२० रोजी ३,८९४. बेरीज १५,८७०. अर्ज मात्र दीड लाखांच्या आसपास आले होते. दर दहा अर्जदारांमागे एक, असे ढोबळ प्रमाण निघते. बदली कामगारांचे काय झाले हा आणखी बिकट प्रश्न. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून जॉबरने, म्हणजे मुकादमाने, घेतले तर काम, अशा माणसाचे नाव कायम पटावर चढायलाच कित्येक वर्षे लागत, आणि कागद जपला तरी त्यावर जपण्यासारखे फार थोडे असे.

विरुद्ध बाजूचा पुरावाही ठेवला पाहिजे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी सरकारी मालकीच्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. यांतल्या पहिल्या तीन ठिकाणच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. वस्ती बदलते तेव्हा जुना माणूस दरवेळी बाहेरच फेकला जातो असे नाही. तिथे मालक सरकार होते आणि रहिवाशाची पात्रता सरकारी दप्तरावरूनच पारखली जाणार होती. पार्वती आणि हे ५५६ रहिवासी यांच्यातला फरक गरिबीचा नाही, दप्तराचा आहे. पहिल्या भागाबाबत म्हणून माझा निष्कर्ष असा : चित्रपटाची साक्ष खरी, आणि नेमक्या जागी बोट ठेवणारी.

दुसरा भाग कठीण आहे. पार्वती परतली तसे इतरही परतले का? याचे उत्तर शोधायला जनगणनेखेरीज मोठे साधन नाही, आणि जनगणना माणसांचे हेतू नोंदवत नाही. तरीही तिच्यात एक विलक्षण गोष्ट सापडते. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांपैकी फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मुंबई शहर : ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. रत्नागिरी : १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. सिंधुदुर्ग : ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. गिरणगाव ज्या जिल्ह्यात येते तो, आणि गिरणगावाला माणसे पुरवणारे दोन. शंभर वर्षे ज्या वाटेने माणसे गेली, तिची दोन्ही टोके एकाच वेळी ओसरली.

या तीन ओळी शेजारी मांडल्या की सरसकट परतीची कथा टिकत नाही. जमिनी विकल्या गेल्या, टॉवर उठले, त्याच दशकात मुंबई शहरातून अडीच लाख माणसे कमी झाली. ती जर कोकणात आली असती तर सिंधुदुर्ग भरायला हवा होता. तो रिकामा झाला. मग माणसे गेली कुठे? त्याच दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ झाली. गिरणगावचे कोणते कुटुंब विरारला गेले, कोणते बदलापूरला, कोणते डोंबिवलीला, याची यादी कोणत्याही कार्यालयाने ठेवलेली नाही. त्यामुळे पुढचे वाक्य अनुमान म्हणूनच वाचावे : चाळ सोडणाऱ्यांचा मोठा ओघ रेल्वेमार्गाने उत्तरेला आणि पूर्वेला गेला, दक्षिणेला फार थोडा आला.

पण या अनुमानालाही एक अडथळा आहे, आणि तो सिंधुदुर्गच्याच आकड्यांत आहे. १९६१ मध्ये अविभक्त रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईत, बायका गावी, हे त्या एका आकड्यात वाचता येते. सिंधुदुर्गात हे प्रमाण १९९१ मध्ये १,१३७ होते, २००१ मध्ये १,०७९ झाले, २०११ मध्ये १,०३६. झपाट्याने उतरले. याचे दोन अर्थ निघतात आणि ते परस्परविरोधी आहेत. एक, पुरुष परत आले. दोन, बायकाही गेल्या. कोणता खरा? लोकसंख्येची जोड दिली तर थोडा उजेड पडतो. १९९१ ते २००१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढली होती, ८,३२,१५२ वरून ८,६८,८२५. गिरण्या धडाधड बंद होण्याचा काळ हाच. लोकसंख्या वाढली आणि स्त्रियांचे प्रमाण घटले, हे पुरुष परतल्याच्या कल्पनेशी जुळते. पुढच्या दशकात प्रमाण घटत राहिले, पण लोकसंख्याही घटली. हे कुटुंबेच्या कुटुंबे निघून गेल्याशी अधिक जुळते. म्हणजे परत येणे घडले असेल तर ते बहुधा १९९० च्या दशकात घडले, आणि आले ते पुरुष. गिरणी सुटलेला पन्नाशीचा गृहस्थ घरी आला, ओटीवर बसला, आंब्या-काजूला पाणी घालू लागला. वीस वर्षे मुंबईत काढून एकटी परतणारी विधवा त्या आकड्यांच्या प्रवाहाविरुद्ध चालते आहे.

ती नव्हतीच, असा याचा अर्थ नाही. एकट्या बाईचे परतणे जिल्ह्याच्या आकड्यात दिसण्याइतके मोठे नसते. शिवाय चित्रपटाचा काळ जिथे येतो तिथे दप्तरच कोरे आहे : २०२१ ची जनगणना झाली नाही. २०२७ च्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत पार्वतीच्या काळाविषयी कोणीही ठामपणे बोलू नये, आणि मीही बोलत नाही.

जुन्या कागदांत शोध घेणाऱ्यासाठी इथे एक सूचना. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. संप त्यानंतर साडेआठ महिन्यांनी. म्हणजे गिरणीच्या पटावरचे मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळचे जवळजवळ सगळे लोक कागदावर 'जिल्हा रत्नागिरी' असेच नोंदलेले आहेत. १९२१ च्या गणनेत मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक सापडतात. त्यांत मालवणी मुलखातले किती, ते तालुका नोंदवलेला असेल तरच कळते. चित्रपटातली पार्वती रत्नागिरीकडची आहे. तिची आजी वेंगुर्ल्याची असती तरी जुन्या कागदाने तिला रत्नागिरीचीच म्हटले असते.

आणि परतल्यावर काय? चित्रपटाच्या उत्तरार्धात समुद्र आहे, रिकामे जुने घर आहे, मोकळा श्वास आहे. शहरात जिला कागद विचारला जातो तिला गावी कोणी विचारत नाही, असा भास तिथे होतो. आपल्याकडचा सातबारा पाहिलेल्या माणसाला तो पटणार नाही. कोकणात एकेका गटावर पंधरा-वीस सामाईक नावे असतात. मेलेल्यांची नावे तशीच राहतात, वारसाचा फेरफार झालेला नसतो, सुनेचे नाव लागलेच तर बरेच उशिरा. घरपट्टीचा नमुना ८ दिराच्या नावावर. किनाऱ्यावरच्या वाड्यांत तर पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमारी करणाऱ्यांची घरे आहेत आणि खालची जमीन दुसऱ्याच्या नावे आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळ सुरू झाला. तारकर्ली-देवबागच्या वाळूला भाव आला. गिरणगावच्या खोलीत जो प्रश्न बिल्डरच्या माणसाने विचारला, तो उद्या माडाखालच्या घरात विचारला जाऊ शकतो, आणि विधवेजवळ तेव्हाही दाखवायला कागद नसण्याची शक्यता तेवढीच आहे. इथे चित्रपटाने साक्ष दिली नाही, आशा व्यक्त केली. कलावंताला तो अधिकार आहे. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र ती आशा पुरावा म्हणून नोंदवू नये.

घडामोडी थांबलेल्या नाहीत. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे कानच्या दोनच महिने आधी, उरलेल्या गिरणी कामगारांसाठी शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचा शासन निर्णय निघाला. घरे मुंबईतच हवीत म्हणून कामगार संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा झाला. जनगणनेतून काढलेले अनुमान आणि शासनाने निवडलेली जागा दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात : कर्जतच्या रेल्वेमार्गाकडे.

म्हणून मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या वाचकांना विनंती. घरात गिरणीत गेलेल्या माणसाची ट्रंक असेल तर ती भंगारात देऊ नका. लाल पास, विम्याचे कार्ड, बदलीचे कार्ड, भाडेपावती, मनिऑर्डरची पावती, जे असेल त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मागे गिरणीचे नाव, खाते, पाळी, चाळीचा पत्ता आणि मूळ गाव तालुक्यासह लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा की खोली कोणाच्या नावावर होती आणि ती कोणत्या साली सोडली. त्या उत्तरांची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. आणि घरातल्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर लागलेले नसेल, तर वारस नोंदीचा अर्ज याच महिन्यात तलाठ्याकडे द्या.